जुनी स्प्रिंग एअर रायफल घरी खोलून जोडतोय, नवीन पार्ट बसेनात, मदत हवी

करवीरकर_८८

नमस्कार मंडळी. मामांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडलेली एक जुनी ब्रेक बॅरल (नळी मधे मोडून खाली ओढायची) एअर रायफल मिळाली, .१७७ बोअर म्हणजे आपली ४.५ मिमी वाली. नळीला बाहेरून गंज आहे पण आतून टॉर्च मारून बघितलं तर रायफलिंग, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, स्वच्छ दिसतंय, दस्ता शिसवी आहे आणि एक बारीक चीर सोडली तर ठणठणीत. मामा म्हणाले घेऊन जा, तुझ्या पोराला शिकव. म्हणून सगळी खोलली, रॉकेलमध्ये धुतली, आणि नवीन मेन स्प्रिंग, पिस्टन सील, ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाचं, हवा अडवणारं) मागवलं. दुकानदार म्हणाला या मॉडेलला हेच बसतं, डोळे झाकून घ्या.

आता विषय असा आहे की नवीन स्प्रिंग टाकली की रायफल कॉकच होत नाही, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकतच नाही. नळी खाली ओढली की शेवटच्या दोनेक इंचावर एकदम दगड लागल्यासारखी अडते, ट्रिगरचा 'टक' आवाज येतच नाही. जुनी स्प्रिंग टाकली की आरामात कॉक होते पण छर्रा दहा मीटरवर पुठ्ठ्यात अर्धाच घुसतो. शिवाय नवीन सील बसवून बाहेर काढलं तर त्याच्या कडेला एक बारीक काप गेलाय. पार्ट चुकीचे आलेत की बसवण्याची पद्धत वेगळी आहे? ज्यांनी घरी अशी कामं केलीत त्यांनी जरा सांगा.

नळीवाले_काका

नळी जोर लावून ओढू नका, आधी ते थांबवा. तुम्ही सांगताय त्यावरून हा कॉइल बाइंड आहे, म्हणजे सीअरला (ट्रिगरच्या खटक्याला) पिस्टन पकडता येईल इतका मागे जायच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात आणि पुढे दबायला जागाच उरत नाही. अशा वेळी जोर लावला की कॉकिंग लिंक (नळीपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) वाकते नाहीतर नळी ज्यावर फिरते त्या पिव्हट बोल्टचं भोक लांबुळकं होतं, मग तो खर्च वेगळाच.

व्हर्निअर आहे का घरी? असेल तर दोन्ही स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजा आणि वेढे मोजा. जाडी गुणिले वेढे म्हणजे पूर्ण दबलेल्या स्प्रिंगची लांबी. मग रायफलमध्ये कॉक झालेल्या अवस्थेत स्प्रिंगला जागा किती मिळते तेही मोजा, त्यासाठी स्प्रिंग न टाकता नुसता पिस्टन आणि गाईड (स्प्रिंगच्या आतला दांडा) घालून पिस्टन मागे सरकवा, सीअरने पकडला की पिस्टनच्या मागच्या कडेपासून गाईडच्या बुडापर्यंतचं अंतर घ्या, त्यात पिस्टनची आतली खोली मिळवा, आणि टॉप हॅट (स्प्रिंगच्या टोकावरची टोपी) किंवा वॉशर टाकत असाल तर त्यांची जाडी वजा करा. आकडे इथे टाका.

लेथवाला_चाकण

काकांना +१. आणि स्प्रिंगची मोकळी लांबी बघून कोणी स्प्रिंग घेत असेल तर घेऊ नका, तो आकडा सगळ्यात फसवा. जुनी स्प्रिंग वापरून वापरून बसलेली असते, म्हणजे आखूड झालेली असते, म्हणून नवीन लांब दिसणारच. बघायचं ते तार, वेढे, बाहेरचा व्यास आणि आतला व्यास. बाहेरचा पिस्टनमध्ये मोकळा गेला पाहिजे, आतला गाईडवर.

करवीरकर_८८

घ्या आकडे. जुनी: तार ३.२, वेढे ३०. नवीन: तार ३.३, वेढे ३५. जागा १०८ मिमी भरली, टॉप हॅट वजा करून. म्हणजे जुनी ९६ आणि नवीन ११५.५. काका तुमचं बरोबर आहे, साडेसात मिमी जास्त होतेय, ती कशी बसणार. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो पाच वेढे कापून टाका, सगळे कापतात.

नळीवाले_काका

बघा, उत्तर कागदावरच मिळालं. कापता येते स्प्रिंग, पण ते काम नीट झालं पाहिजे. नुसती ग्राइंडरने कापून टाकली तर कापलेलं टोक उघडं राहतं, ते पिस्टनच्या आत नाहीतर गाईडच्या बुडावर रुतून बसतं, स्प्रिंग तिरकी दबते आणि दर शॉटला पिस्टनला एका बाजूला ढकलते, मग सील एकाच बाजूने झिजतं. शेवटचा वेढा गरम करून आधीच्या वेढ्यावर टेकवावा लागतो आणि मग त्याचा माथा सपाट घासावा लागतो. गरम करताना ताव फक्त शेवटच्या वेढ्यातच राहिला पाहिजे, पुढे गेला तर स्प्रिंगचा टेंपर, म्हणजे लवचिक कडकपणा, जातो. हे ज्याला येतं त्यानेच करावं. नाहीतर सरळ ३.२ तारेची ३२ वेढ्यांची मागवा, १०२.४ होते, साडेपाच मिमी मोकळे राहतात, तेवढी फट असलीच पाहिजे.

अजून एक. स्प्रिंग आत बसवताना तिला आधीच काही सेंटीमीटर दाबून बसवावं लागतं, तुम्ही खोलताना हे बघितलंच असेल. मागची पिन किंवा ब्लॉक सुटला की ती गोळीसारखी बाहेर येते. गुडघ्यावर टेकवून, फडक्यात धरून, बायकोला दाबायला सांगून हे काम करायचं नाही. सुतारांचा लांब सॅश क्लॅम्प मिळतो, त्याच्या एका टोकाला लाकडाचा ठोकळा लावून त्यात ट्यूबचं (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याचं) तोंड बसेल असा खड्डा करा, दुसऱ्या टोकाने हळूहळू सोडा. आणि स्प्रिंगच्या रेषेत तोंड न्यायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

मीनल_ठाणे

वाचतेय. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते, त्यामुळे घरात सतत हीच भाषा. २०२२ ला कैरोला रुद्रांक्ष पाटील जागतिक विजेता झाला तेव्हापासून आमच्या ठाण्यात प्रत्येक दुसरं पोर रेंजवर जायचं म्हणतंय. पण आमची रायफल हवेच्या सिलेंडरवाली, पीसीपी. तिचे पार्टही घरी बदलता येतात का? हवा गळते असा संशय आहे, रात्री १८० बार असतं, सकाळी १६०.

लेथवाला_चाकण

मीनलताई, ते प्रकरण एकदम वेगळं, कृपया घरी खोलू नका. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते आणि तुमच्या सिलेंडरमध्ये भरल्यावर २०० बार. घरी एवढंच करा, सिलेंडर रायफलला लावलेलं असताना जोडाशी साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे कुठून येतात बघा. मग सिलेंडर काढून नुसतं रात्रभर ठेवा आणि सकाळी दाब बघा. नुसतं ठेवल्यावर उतरलं नाही तर सिलेंडर चांगलं आहे आणि गळती रायफलच्या बाजूला आहे. नुसतं ठेवूनही उतरलं तर सिलेंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. दोन्ही बाबतीत आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या, पण काय झालंय ते सांगून दिलंत तर त्याचाही वेळ वाचतो. आणि सिलेंडरवर कोरलेली तारीख बघा. मॅच रायफलच्या सिलेंडरला साधारण दहा वर्षांची मुदत असते, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धेत मुदतीतलं सिलेंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी असते. सेकंडहँड रायफल घेताना हे कोणी बघत नाही.

मीनल_ठाणे

खूप धन्यवाद. तारीख बघितली, अजून तीन वर्षं आहेत. आज रात्री काढून ठेवते.

स्टुटगार्टकर

इथे एक मुद्दा माझ्याकडून, कारण भारतातले मित्र माझ्याकडून स्प्रिंग आणि सील मागवतात आणि मग तक्रार करतात की रायफल आधीपेक्षा मऊ झाली. जर्मनीत परवाना न लागणाऱ्या एअर रायफलला ७.५ ज्यूलची मर्यादा आहे, त्या बंदुकांवर पंचकोनात एफ हे अक्षर कोरलेलं असतं. त्यामुळे इथल्या दुकानात त्याच मॉडेलच्या दोन स्प्रिंग मिळतात, एक एफ वाल्यांसाठी आणि एक निर्यातीच्या पूर्ण ताकदीच्या बंदुकीसाठी. डबा सारखा, मॉडेलचं नाव सारखं, फरक फक्त पार्ट नंबरात आणि तारेत. इंग्लंडमध्ये अजून वेगळं, तिथे मर्यादा १२ फूट पाउंड म्हणजे १६.३ ज्यूलच्या आसपास, आणि स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरपासून बहुतेक एअर रायफलींनाही परवाना लागतो. म्हणून बाहेरून पार्ट मागवताना तो कुठल्या देशाच्या आवृत्तीचा आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि भारतात मागवताना कस्टमचे नियम आधी नीट तपासा.

पन्हाळ्याचा_पक्या

भारी माहिती. म्हणजे जर्मन पार्ट म्हणजे जास्त ताकद असं नाही तर. इकडं सगळे जर्मन जर्मन करत फिरतात.

आणि भावा करवीरकर, ताकदीच्या मागं लागू नको. .१७७ मध्ये ०.५२ ग्रॅमचा छर्रा २४० मीटर प्रति सेकंदाने गेला तरी १५ ज्यूल होतात, कागदावर मारायला आणि पोराला शिकवायला ते रगड झालं. आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं २० ज्यूलच्या वर किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठा बोअर गेला की परवाना लागतो. त्याच छर्‍याला २७७ च्या आसपास वेग मिळाला की २० ज्यूल भरले. जाड तारेची स्प्रिंग टाकून कोणी त्या रेषेच्या पलीकडं गेला तर ते हौसेचं काम राहत नाही.

करवीरकर_८८

नाही रे, ताकद नकोच आहे. दहा मीटरवर एका जागी छर्रे पडले पाहिजेत एवढंच.

अमोल_सातारा

नवीन आहे इथे. एअर रायफल एवढी जमते तर खरी रायफल, म्हणजे काडतुसाची, घरी पार्ट जोडून करता येते का? अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघतो, टेबलावर अर्ध्या तासात जोडतात.

संपादक

अमोल, इथे थांबा. अमेरिकेत केंद्राचा कायदा स्वतःच्या वापरासाठी तशी मुभा देतो आणि काही राज्यं त्यावरही बंधनं घालतात, तो त्यांचा प्रश्न. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणं, जोडणं, दुरुस्त करणं सगळंच गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. या धाग्यावर फक्त परवानामुक्त मर्यादेतल्या एअर रायफलच्या देखभालीची चर्चा होईल. काडतुसाच्या बंदुकीबद्दलचे प्रतिसाद काढून टाकले जातील.

अमोल_सातारा

समजलं, धन्यवाद. मग मी पण एअर रायफलच बघतो.

नळीवाले_काका

अमोल, नेमबाजी करायची असेल तर बालेवाडीला जा, तिथे शिवछत्रपती क्रीडा संकुलात रेंज आहे. क्लबच्या रायफलवर हात बसू दे. राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेऊन आला, ते रेंजवरच्या वर्षानुवर्षांच्या सरावातून.

बरं आता करवीरकरांचं सील. कापाचा फोटो टाका.

करवीरकर_८८

फोटो टाकलाय. पुढच्या ओठावर, एकाच जागी, नखाएवढा तिरका काप. नवीन सील आहे, हाताने घालताना कुठे जोर लावला नाही, फक्त सरकवलं.

नळीवाले_काका

हा काप कॉकिंग स्लॉटने केलाय. ट्यूबच्या खाली जी लांब खाच असते, जिच्यातून कॉकिंग लिंक पिस्टनला ढकलते, तिच्या कडा कारखान्यात मिलिंग करून तशाच सोडलेल्या असतात. त्यावरून बोट फिरवून बघा, पण सावकाश, ब्लेडसारखी धार असते. पिस्टन मागून आत घालताना सील त्या खाचेवरून जातं, मऊ ओठ खाचेत फुगतो आणि पुढची कड त्याला कापते. कितीही महाग सील आणा, ती कड तशीच असेल तर तेच होणार.

उपाय साधा. बारीक गोल कानस घ्या किंवा लाकडी काडीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, आणि खाचेच्या आतल्या बाजूच्या कडा फक्त मोडा, गोलाई द्या, खाच रुंद करायची नाही. ट्रिगरच्या पिनांची भोकं आहेत तिथेही आतून हात फिरवा, तिथेही बर (धातूचे बारीक धारदार कंगोरे) असतात. मग सगळं पेट्रोलने धुऊन पांढरं फडकं आतून फिरवा, फडक्याचा धागा कुठे अडकत नाही ना बघा. धागा अडकला म्हणजे अजून बर आहे. काम पूर्ण झालं की सील घालताना खाचेपाशी आलं की एखाद्या बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ओठ आत दाबत दाबत न्या.

लेथवाला_चाकण

कापडाचा धागा, हे फार मोलाचं सांगितलं काकांनी. आमच्याकडे हायड्रॉलिक सिलेंडरला पण हेच करतो.

सीलच्या मापाबद्दल, ट्यूबचा आतला व्यास वेगवेगळ्या मॉडेलला वेगळा, २५, २६, २८ असे सगळे मिळतात, आणि जुन्या बंदुकीत ट्यूब मधे जास्त झिजलेली, टोकाला कमी, असंही असतं. व्हर्निअरने नुसतं तोंडाशी मोजून भागत नाही. पिस्टनवर सील लावून ट्यूबमध्ये अंगठ्याने सरकवा, पूर्ण लांबीत सारखा विरोध जाणवला पाहिजे. कुठे एकदम सैल पडतं का, कुठे घट्ट होतं का बघा. घट्ट असेल तर सील बारीक पेपरवर फिरवून उतरवता येतं, सैल असेल तर काही करता येत नाही, बदलूनच घ्या. आणि दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत तरी ते सील बसवू नका.

जुना_शिकारखाना

माझ्याकडच्या बंदुकीत अजून चामड्याचं वॉशर आहे, जुन्या बहुतेक बंदुकांत तेच असायचं. ते काढून सिंथेटिक लावू का? मधेच धूर येतो, मोठा आवाज होतो, जळक्या तेलाचा वास येतो.

नळीवाले_काका

धूर आणि आवाज म्हणजे डिझेलिंग. पिस्टन पुढे येताना हवा इतकी झपाट्याने दबते की तिचं तापमान प्रचंड वाढतं, आणि समोर खनिज तेल असलं की ते पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तेच. तुम्ही शिलाई मशीनचं तेल टाकता का ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे हवा नळीत जायच्या भोकातून? आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक तेच टाकत आलेत, आणि मग जोरदार आवाज आला की बंदूक तापली, ताकद आली म्हणतात. त्या स्फोटाने स्प्रिंग तुटते, सील जळतं, नेम तर लागतच नाही.

चामड्याचं वॉशर चांगलं असेल तर ठेवा, चामडं वाईट नसतं. त्याला ओलावा लागतो, कोरडं पडलं की आकसतं आणि हवा सोडतं, पण खनिज तेल नको. सिलिकॉन तेलाचे दोन थेंब, बंदूक रात्रभर उभी ठेवून, बास. सिंथेटिक सीलला तर तेवढंही लागत नाही, त्याच्या फक्त कडेला अगदी पुसट मॉली (मॉलिब्डेनम) ग्रीस, तेही बोटाला लागलेलं पुसल्यावर जेवढं उरतं तेवढंच, आणि पुढच्या तोंडावर अजिबात नाही. पिस्टनच्या मागच्या भागाला, जिथे तो ट्यूबला घासतो तिथे, मॉली ग्रीस लावा. आणि गंज काढायच्या स्प्रेने बंदूक आतून धुवायची नाही, ते पण पेट घेतं आणि चिकट थर मागे ठेवतं.

करवीरकर_८८

नवीन स्प्रिंग आली, ३.२ ची ३२ वेढ्यांची. खाचेच्या कडा मोडल्या, फडक्याचा धागा अडकायचा थांबला तेव्हाच सील घातलं. कॉक होते, मस्त 'टक' येतो. पण आता छर्रा ठेवून मारली की कधी जोरात कधी मऊ, एकसारखं नाही. आणि स्प्रिंगचा झणझण आवाज राहतो शॉटनंतर, दात शिवशिवतात.

मीनल_ठाणे

ब्रीच सील बघितलं का? आमचे कोच मुलांना शिकवताना टिश्यू पेपरची परीक्षा दाखवतात.

नळीवाले_काका

बरोबर, तीच करा. टिश्यूची पातळ पट्टी नळी आणि ट्यूब जिथे जुळतात त्या फटीवर आडवी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला मारा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून पळतेय. रिकामी बंदूक मारायची नाही, छर्‍याच्या मागे हवेची गादी तयार होते म्हणून पिस्टन शेवटी हळू थांबतो, छर्रा नसला की तो सरळ ट्यूबच्या तोंडावर आदळतो.

करवीरकर_८८

पट्टी उडाली. चांगली हातभर. पण ब्रीच सील नवीन आहे हो, पाकिटातून काढून लावलंय.

लेथवाला_चाकण

नवीन असलं तरी खाच झिजलेली असेल तर ते खोल बसतं. नळी उघडून सीलवर सरळ फूटपट्टी आडवी धरा, सील धातूच्या पातळीपेक्षा किंचित वर दिसलं पाहिजे. बरोबरीला किंवा आत असेल तर दाबलं जातच नाही. सील काढून खाली पातळ शिम घाला, शीतपेयाच्या डब्याचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास असतो, त्याची कात्रीने रिंग कापा. एक घालून बघा, कमी पडली तर दुसरी. जास्त झाली तर नळी बंद करताना अडखळेल आणि लॉकवर ताण येईल, मग एक काढा.

झणझण म्हणजे गाईड सैल. स्प्रिंग गाईडवर लटपटत असेल तर सुटल्यावर थरथरते. तुमच्या जुन्या लोखंडी गाईडचा व्यास आणि नवीन स्प्रिंगचा आतला व्यास सांगा, डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) गाईड टर्न करून देतो, असा की स्प्रिंग हलक्या हाताने फिरवत चढली पाहिजे. फक्त लक्षात ठेवा, दाबल्यावर स्प्रिंगचा व्यास थोडा वाढतो, त्यामुळे बाहेरून पिस्टनला घासत नाही ना तेही बघावं लागतं.

पन्हाळ्याचा_पक्या

आणि पिव्हट बघ भावा. कॉक करून नळी अर्धवट उघडी ठेवून पकड जरा सैल केली तर आहे तिथंच थांबली पाहिजे, आपोआप खाली पडली तर बोल्ट ढिला आहे. थोडा आवळ. आवळूनही आडवी हलत असेल तर दोन्ही बाजूचे वॉशर झिजलेत, ते बदलायला लागतील. नळी एक केस हलली तरी दहा मीटरवर छर्रा भलतीकडं जातो. आणि ही परीक्षा करताना बोटं ब्रीचमध्ये नकोत, दुसरा हात नळीवरून काढायचा नाही. सीअर निसटला तर नळी जी वर येते ती बोटं तोडते.

करवीरकर_८८

पक्या, तू हे लिहिलंस आणि मला तेच विचारायचं होतं. दोनदा असं झालं की कॉक करून नळी बंद केली आणि ट्रिगरला हात न लावता सुटली. छर्रा भिंतीच्या दिशेने होता म्हणून वाचलो. ट्रिगरचा सीअर बघितला तर कड गोल झालीय. कानसने सरळ करू का?

नळीवाले_काका

नाही. कानस लावायचीच नाही. आणि आत्तापासून ती बंदूक भरायचीही नाही, काम होईपर्यंत.

सीअरचा पृष्ठभाग केस हार्डन केलेला असतो, वरची कातडी कडक आणि आतलं लोखंड मऊ. ती कातडी काही दशांश मिमीचीच असते. कानस मारली की ती निघून जाते, दोन दिवस बंदूक छान चालते, ट्रिगरही हलका वाटतो, आणि मग मऊ लोखंड झिजून परत आपोआप सुटायला लागते, या वेळी केव्हा सुटेल सांगता येत नाही. सीअर आणि त्याची छोटी स्प्रिंग, दोन्ही नवीन घ्या. पिनांची भोकंही तपासा, भोक मोठं झालं असेल तर नवा सीअर पण तिरका बसेल. या मॉडेलचा सुटा सीअर मिळाला नाही तर अख्खा ट्रिगर ब्लॉक शोधा, जुन्या मोडक्या बंदुकीतून चांगला निघतो. तोही नाही मिळाला तर ती बंदूक भिंतीवर टांगायची. बाकी कुठल्याही पार्टवर तडजोड करा, याच्यावर नाही, तुमच्या घरात पोरगं आहे.

मीनल_ठाणे

काकांशी पूर्ण सहमत. आणि करवीरकर, भिंत म्हणजे विटांची असेल तर छर्रा उलट येतो. मागे जाड लाकडी पेटीत जुन्या सतरंज्या भरून लावा, आणि मारणाऱ्याने आणि बघणाऱ्याने दोघांनी चष्मा घालायचा.

करवीरकर_८८

ऐकलं. बंदूक खोलून ठेवलीय. चष्मे आज आणतो.

करवीरकर_८८

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. इचलकरंजीच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे त्याच मॉडेलचा ट्रिगर ब्लॉक मिळाला, मोडक्या बंदुकीतला, सीअरची कड एकदम तीक्ष्ण. बसवल्यावर आधी छर्रा न भरता, नळी घट्ट हातात धरून, कॉक करून बट रबरी चटईवर हलकेच आपटून बघितली, दर वेळी धरून राहिली. नळी हातातच ठेवून तशीच सावकाश उतरवली, रिकामी उडवली नाही. लेथवाले दादांनी पाठवलेला डेलरिन गाईड घातला आणि तो झणझण आवाज पूर्ण गेला, आता फक्त एक 'ठप'. ब्रीचखाली डब्याच्या पत्र्याची एकच रिंग पुरली, टिश्यू हलत नाही.

क्लबच्या क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) ०.५२ ग्रॅमच्या छर्‍याने २१० ते २१४ मीटर प्रति सेकंद दाखवलं, म्हणजे साडेअकरा-बारा ज्यूल. पोरानं दहा मीटरवर टेकवून मारलेले पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले.

एकच राहिलंय. दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू पंधरावीस शॉटनंतर ढिले होतात आणि मग नेम डावीकडे सरकतो.

पन्हाळ्याचा_पक्या

नाद खुळा! अभिनंदन भावा.

लेथवाला_चाकण

मस्त काम. स्क्रूसाठी निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, लाल नको, लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघणार नाही. त्याआधी आट्यांमधलं तेल पेट्रोलने पुसा, तेलावर ते धरत नाही. आणि स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूड दबून खड्डा पडलाय का बघा, पडला असेल तर पितळी कप वॉशर घाला. तुमच्याकडे कोल्हापुरात पावसाळ्यात शिसवीसुद्धा थोडी फुगते आणि दिवाळीनंतर आकसते, तेव्हा ऑक्टोबर संपला की एकदा परत आवळा.

जुना_शिकारखाना

माझं पण सांगतो, सिलिकॉन तेलाचे दोन थेंब टाकल्यापासून धूर गेला. पण आवाज कमी झाला म्हणून भाऊ म्हणतोय बंदूक बिघडवली. क्रोनोग्राफ कुठे मिळेल पुण्यात वापरायला?

मीनल_ठाणे

क्लबमध्ये विचारा, बहुतेक क्लबकडे असतो आणि सभासद नसलात तरी एखाद्या सकाळी मोजून देतात. छर्रे त्याच डब्यातले न्या ज्यांनी घरी मारता, वजन डब्यावर लिहिलेलं असतं. आणि हो, माझं सिलेंडर रात्रभर १८० लाच राहिलं, गळती रायफलच्या बाजूला निघाली, सोमवारी आर्मररकडे देतेय.